समजावून सांगणारे साडू

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात समजावून सांगायची जेवढी हौस माझ्या साडूंना होती, तेवढी दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. समोरच्याने विचारलेलं असावं, अशी त्यांची अट नसे. एकदा चिंचवड स्टेशनवर त्यांनी एका अनोळखी माणसाला सिग्नलचा हात खाली कसा पडतो ते सांगायला घेतलं आणि त्या बिचाऱ्याची तळेगावची गाडी चुकली. साडूंनी त्याला पुढची गाडी येईपर्यंत सोबत केली, म्हणजे उरलेलं सांगितलं. कुकरची शिट्टी का होते, हे माझ्या बायकोला ते दर भेटीत नव्याने सांगत. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मोठी मेव्हणी, एवढंच म्हणायची, "ऐकून घ्या. मध्ये थांबवलं की पहिल्यापासून सांगतात."

साडू पिंपरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. ऐंशीच्या सुमारास त्यांच्याकडे पहिला पीएलसी, म्हणजे यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक, आला. तोवर यंत्र चालवायला भिंतभर कपाटात खटखटणारे रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असत. त्यांच्या जागी सुटकेसएवढी एक परदेशी पेटी आली. साडूंनी शब्दकोश मांडीवर घेऊन तिची इंग्रजी पुस्तिका दोन महिने वाचली, आणि मग आमची शिकवणी सुरू झाली. एका लग्नाच्या पंक्तीत मी त्यांच्या शेजारी सापडलो.

"हे बघा राव, ही पेटी आधी सगळे स्विच एकदा बघून घेते, टिपून ठेवते आणि डोळे मिटते. मिटल्या डोळ्यांनी आपला प्रोग्रॅम वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचते. शेवटी सगळ्या मोटारींना एकदम हुकूम सोडते, आणि पुन्हा डोळे उघडते. एका सेकंदात वीस-पंचवीस वेळा."

तेवढ्यात वाढप्याने त्यांच्या पानात दोनदा जिलबी वाढली. ते काही त्यांनी टिपलं नाही.

त्या पेटीच्या यंत्रावर शांताराम नावाचा कामगार होता. चाकणजवळच्या गावचा, शेतकरी घरातला, अबोल. लोखंडी तुकडा उतरत्या पन्हळीवरून घसरत यायचा, वाटेत एका स्विचला घासून ड्रिलखाली बसायचा. स्विच दबला की पेटीने मागचा तुकडा रोखून धरायचा, असा बेत. पण मधूनच मागचा तुकडा पुढच्यावर येऊन चढे आणि ड्रिल मोडे. आठवड्यात तीन मोडली. साहेबांच्या मते परदेशी पेटी चुकणं शक्य नव्हतं, म्हणजे शांतारामच मध्ये हात घालत असणार. त्याला चार्जशीट मिळालं. त्याने मशीन मोडलं ही बातमी गावात पोचली, आणि त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

साडू दोन दिवस त्या पन्हळीसमोर खोक्यावर बसून राहिले. कुणाला काही समजावून सांगितलं नाही, तेव्हा खात्यातल्या लोकांना वाटलं, यांना ताप असावा. तिसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले.

"साहेब, तुकडा स्विचला घासून जातो तेव्हा कधीकधी पेटीचे डोळे मिटलेले असतात."

"म्हणजे पेटी चुकते म्हणता?"

"पेटी चुकत नाही आणि शांतारामही चुकत नाही. तुकडा फार वेगात आहे. तो तिच्या दोन बघण्यांच्या मधून निसटतो."

त्यांनी साहेबांना यंत्रापाशी आणलं. शांतारामला दहा पावलं लांब उभं केलं. आधी तुकडे हाताने हळूहळू सोडले; पेटीला प्रत्येक दिसला. मग पन्हळीवरून भरधाव सोडले. सतराव्या तुकड्याला पेटीने काही पाहिलंच नाही आणि मागचा खुशाल सोडून दिला. साडूंनी स्विचवर चार बोटं लांबीची पट्टी बसवली, म्हणजे तुकडा जाईपर्यंत स्विच अंमळ जास्त वेळ दबून राहील. त्यानंतर ड्रिल मोडलं नाही.

चार्जशीट एका ओळीच्या कागदाने मागे घेतलं गेलं. पण तो कागद काही गावात पोचणार नव्हता. रविवारी साडूंनी मला एस.टी.त बसवून सोबत नेलं.

शांतारामचे वडील अंगणात कांदे निवडत बसले होते. साडू त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि पहिल्यापासून सुरू झाले. एक कांदा स्विच झाला, एक ड्रिल, टोपली पेटी झाली. म्हातारबाबा अर्धा तास त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मध्ये एकदाही त्यांनी थांबवलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "मला यातलं कायबी कळलं न्हाई, पाव्हनं. पोराचा दोष न्हाई, यवढंच ना?"

"एवढंच," साडू म्हणाले.

म्हाताऱ्याने घराच्या दाराकडे तोंड केलं. शांताराम तिथेच उभा होता.

"शांतारामा, पाव्हन्यास्नी च्या आन. आन तूबी ये, हितं बस."

तीन आठवड्यांत बापाने त्याला मारलेली ती पहिली हाक. शांताराम चहा घेऊन आला आणि बापाशेजारी बसला.

परतीच्या गाडीत मी तयारीत होतो. साडू आता मला काहीतरी समजावून सांगणार. मोशी मागे पडली, भोसरीचे कारखाने दिसू लागले, तरी ते खिडकीबाहेरच बघत राहिले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला जन्मभर किती गोष्टी सांगितल्या. त्यातल्या निम्म्या मी ऐकल्याही नाहीत. पण त्यांची आठवण आली की मला ती गाडी आठवते, आणि खिडकीशी बसलेले, एक शब्दही न बोलणारे साडू.