नको म्हणजे नको

दुपारचे दोन. एकादशीची खिचडी पोटात जड झालेली, आणि कल्याणीचे डोळे शाळेच्या फॉर्मवरच मिटतायत. चारच्या आत सही करून द्यायचीय. तिची सात वर्षांची इरा स्वमग्न आहे, ते कोणी नाकारत नाही. पण फॉर्मवर लिहिलंय, 'बुद्धी कमी, वर्गातून काढावे.' घ्या! पोरगी पाचव्या वर्षापासून पेपर वाचते.

स्वयंपाकघरात कोणीतरी कढईवर झारा आपटतं.

"अण्णा?"

तिचे वडील. लग्नघरचे आचारी, जाऊन सहा वर्षं झाली. पाचशे पानांचं मीठ नजरेनं घालणारा माणूस, पण कधी कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. लोक घुम्या म्हणायचे आणि बोटं चाटत उठायचे.

"कशात नापास झाली?" अण्णा झाऱ्याकडे बघतच विचारतात.

"तोंडी परीक्षेत. पाहुणे पुरे म्हणाले तर काय करशील? ही म्हणाली, वाढणार नाही. आग्रह करेन म्हणायचं होतं."

अण्णा जिलब्यांची परात उचलतात. दाराबाहेर शाळेचा व्हरांडा आहे आणि व्हरांडाभर पंगत बसलीय. पहिल्याच पानावर मोठ्या बाई.

"नको, नको, पुरे!" बाई पानावर हात आडवा धरतात.

अण्णा सरळ पुढे जातात. बाईंची मान जिलबीमागे वळत राहते, चेहरा अगदी केविलवाणा.

कल्याणीला हसू फुटतं. "अण्णा, त्यांना हवी होती हो."

"मग हवी म्हणायचं! खोटं बोलली ती, आणि नापास माझी नात?" जन्मभर चार शब्द न बोललेले अण्णा भर व्हरांड्यात ओरडतात. "मलाही मास्तरांनी असंच बिनडोक ठरवलं. माझी आई गप्प बसली. तू बसलीस तर याद राख, कल्ले!"

आणि ते फॉर्मवर अंगठा दाबतात.

कल्याणी दचकून उठते. साडेतीन. सहीच्या जागी हळदीचा पिवळाधमक अंगठा उमटलाय. आज उपास, हळदीचा डबा उघडलेलासुद्धा नाही.

इरा येऊन फॉर्मवर वाकते. "आजोबांचा आहे. मधे कापल्याची रेघ बघ. फोटोत झारा धरलेल्या अंगठ्यावर आहे तशीच."

सहा वर्षं तो फोटो समोर टांगलाय. कल्याणीला ती रेघ कधी दिसली नव्हती.

ती पेन उचलते आणि अंगठ्याखाली ठळक लिहिते, 'माझ्या मुलीचं उत्तर बरोबर आहे. सही करणार नाही.'

"चल, देऊन येऊ," ती म्हणते. "घाबरलीस का गं?"

"नाही," इरा म्हणते. आणि इरा नाही म्हणाली म्हणजे नाही.