कुनाचं डोकं जड हाय

"कुनाचं डोकं जड हाय गं आज?"

उसाच्या फडात न्याहारीला बसलो की आक्का पयलं हेच इचारायची. भाकरीचं गठुडं सोडायच्या आधी कमरंची मिश्रीची डबी काढायची, झाकन उघडायची आन् आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघायची. डबीत एका अंगाला मिश्री, दुसऱ्या अंगाला कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. बीपीच्या. आमी तिघी, आक्का, मी आन् सुंदरा. गोळ्या मातर एकट्या आक्काच्या नावावरच्या. त्या दिवशी जिचं डोकं जड, तिला गोळी, असा तिचा कायदा.

सुंदरा रोजच बोंबलायची. "माजं लई जड हाय आक्का, भरलेला हंडा ठिवल्यावानी."

"तुजं डोकं न्हाई, तोंड जड हाय. गप बस."

तरीबी अर्धी मोडून तिला द्यायचीच. नखानं मोडायची, बरूबर मधनं. गोळीला मिश्रीचा वास यायचा. मी तोंड वाकडं केलं की म्हनायची, "नखाएवढी गोळी आन् तुला चव पायजे?"

तिचं नाव सांगत न्हाई. ती असती तर मलाच म्हनली असती, माजं काय सांगत बसलीस, आधी चूल बघ. सगळी वस्ती तिला आक्काच म्हनायची. शिरूरकडं आमचं गाव, डोंगराच्या पोटाला. तिच्या आन् माझ्या घराच्या मधी एकच भिंत. ती भाकर थापायला लागली की मला हिकडं आवाज यायचा, आन् त्या आवाजावरनं मला कळायचं आज पीठ किती हाय ते.

दिसायला काळी, उंच, हाताची हाडं बाप्यासारखी. दात मिश्रीनं काळे झालते, म्हनून पदर तोंडाला लावून हसायची. आन् हसायची लई.

घरात सात मान्सं. कमवायला ती, तिचा मालक आन् लेक. तरी तिच्या घरातलं लेकरू कदी वाळलेलं दिसलं न्हाई. पाऊस पडून गेला की बांधाबांधानं हिंडून तांदुळजा आनायची, घोळ आनायची, तरोट्याचा कवळा पाला खुडायची. शेंगदानं लेकरांच्या हातावर चार-चार मोजून ठिवायची. "ह्येच तुमचं टानिक. दुसरं मागू नगा." सगळ्यांचं झालं की भगुनं खरवडून स्वता खायची. मी म्हनायची, आक्का, तुला काय ऱ्हायलं? ती म्हनायची, "बुडाचं लई गोड लागतंय, तुमाला म्हाईत न्हाई म्हनून बरं हाय."

कुनी आजारी पडलं की तिला रागच यायचा. एकदा मला ताप आलता. दारात हुबी राहून म्हनली, "आजारी पडायला येळ कुठनं आनला गं तू?" आन् मंग सांजपातुर माझ्या घरचं समदं पानी तिनंच भरलं.

तुमाला गोळ्यांचं सांगत व्हते. दसरा झाला, ऊसतोडीची टोळी कारखान्याकडं निघायची व्हती. त्याच्या आदल्या दिवशी गावात सरकारी दवाखान्याची गाडी आलती. आमी तिघी रांगंत बसलो. डाक्टरीनबाईनं आक्काच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला.

आक्का म्हनली, "बाई, बांगड्या भरनारी बी इतकं आवळत न्हाई."

बाई हसली न्हाई. बीपी लई वाढलंय म्हनली. "मीठ कमी करा."

"भाकरीसंगं मीठ-मिरचीच असती बाई. मीठ काढलं तर नुसती मिरची ऱ्हाती."

"फळं खात जा."

"खातो की. सीताफळं आली की डोंगर आमचाच हाय."

"रोज अर्धा तास चालायचं."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मंग लई गरीब तोंड करून इचारलं, "उसाची मोळी डोक्यावर घिऊन चाललं तर जमंल का, बाई?"

तवा बाईला हसू आलं, पन लगीच वहीत लिवायला लागली. आक्काला उन्हाळ्यातच एकदा तपासून बीपीचं कार्ड केलतं, म्हनून तिला गोळ्या दिल्या. दोन म्हैन्याच्या. "रोज एक घ्यायची. संपायच्या आधी यिऊन दुसऱ्या घिऊन जा." आक्कानं मान हलवली. आमचा हंगाम पाच म्हैन्याचा. एवढ्या लांबनं यायचं कसं ते बाईनं इचारलं न्हाई, आन् आक्कानंबी सांगितलं न्हाई.

माजं आन् सुंदराचं बीपी बी वाढलेलंच निघालं. पन आमाला कार्ड न्हवतं. परत एकदा तपासावं लागंल, पुढच्या मंगळवारी या, म्हनली. पुढच्या मंगळवारी आमी कारखान्याच्या मुलखात, फडात, वाकून ऊस तोडत व्हतो.

तिथं गेल्यावर आठ दिसांतच सुंदराला भवंड आली. कोयता टाकून खालीच बसली. आक्कानं डबी उघडली आन् तिला गोळी दिली. दुसऱ्या दिवशी माजं डोकं ठनकायला लागलं, तर मला दिली. मी म्हनलं, "आक्का, तुला रोज एक सांगितलीय."

"रोज म्हंजी रोज दुखलं तर. घरी बसनाऱ्या बाईला सांगत्यात तसं. दुखत न्हाई तर औषीद कशाला वाया घालवायचं?"

मलाबी ते पटलं. आमाला वाटायचं ही गोळी बामासारखी असती, दुखलं की लावायचा. आमाला कोन सांगनार?

मी काय नुसती गप बसले न्हाई. मुकादमाला म्हनलं, दवाखान्यात जाऊन येते. तो म्हनला, "जा की मावशी, कुनी धरलंय? उसाची गाडी भरली की जा." गाडी भरायला सांज व्हायची आन् दवाखाना दुपारीच बंद. एक दिवस जिवाचा हिय्या करून सकाळीच गेले. तीन कोस चालले. तिथल्या नर्सबाईनं कार्ड इचारलं. न्हाई म्हनलं, तर म्हनली, गावाकडनं करून आना, आन् गुडघ्याला लावायचा मलम दिला. त्या दिवसाचा खाडा पडला. आमच्यात कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी. एक न्हाई आलं तर दुसऱ्याचं काम बी धरत न्हाईत. सांजच्याला पाचटाच्या कोपीसमोर बसून माझ्या मालकांनी त्यो मलम आपल्याच गुडघ्याला लावला.

परत मी गेले न्हाई.

तर रोज न्याहारीला आक्काची डबी निघायची. सुंदराची पाळी, माझी पाळी. कदी दोघींचं बी जड, तर अर्धी-अर्धी. मी कदी इचारलं, "तुजं गं?" तर हात झटकायची. "माजं हलकं हाय. पिसावानी."

मला खरंच वाटायचं. कावून न्हाई वाटायचं? आमच्यापेक्षा मोटी मोळी ती उचलायची.

मंग एक दिवस बघितलं. मी पाचटाच्या पलीकडं पानी प्यायला गेलते. आक्का एकटी बसलती. जुन्या लुगड्याची धांदोटी फाडून कपाळाला गच्च आवळली व्हती, आन् डोकं उसाच्या मोळीला टेकून डोळं मिटलं व्हतं. मी हाक मारली तशी दचकून हुबी ऱ्हायली.

"डोकं जड हाय का आक्का?"

"न्हाई गं. पदर घसरतोय म्हनून बांधलंय."

पदर तर तिनं कमरंला खोवला व्हता.

त्याच दिवशी न्याहारीला तिनं डबी उघडली, "कुनाचं डोकं जड हाय गं आज?" म्हनली. माजं जड व्हतं. म्हनून मी घेतली गोळी. तुमी काय म्हनायचं ते म्हना. घेतली मी.

संक्रात होऊन गेलती. गाडी भरायची चालू व्हती. फळीवरनं मोळ्या वर न्यायच्या असत्यात, तिचा नंबर लागला. फळीवर एक पाय टाकला आन् मोळी उजव्या अंगाला कलंडली. गाडीतला मानूस वरनं वरडला, "धर की रं तिला!" तिच्या मालकानं धरली. खाली बसवली. ती हसत व्हती. म्हनली, हाताला मुंग्या आल्यात, बोटं झोपल्यात. मी बोटं चोळायला लागले. चोळता चोळता तिचं हसनं एकाच अंगाला ऱ्हायलं. मंग बोलायला गेली, तर शबूद निघंना.

अंगावरनं वारं गेलं व्हतं.

मुकादमानं जीप दिली, त्याला नाव ठिवत न्हाई. मोठ्या दवाखान्यात मीच तिच्यासंगं गेले. डाक्टर तरना पोरगा व्हता, म्हनला, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?" मी तिच्या कमरंची डबी काढून दिली, दसऱ्याला दोन म्हैन्याच्या मिळाल्यात म्हनलं. त्यानं कागद सोडला आन् मोजल्या. अकरा उरल्या व्हत्या.

"दोन महिन्यांच्या होत्या ना? मग तीन महिन्यांनी अकरा उरल्या कशा?"

डोकं दुखलं तरच घ्यायची, एवढंच मी म्हनलं. तिचे मालक खाली बघत व्हते, त्यांना ह्यातलं काय म्हाईत न्हवतं. मला म्हाईत व्हतं.

"आजी, ही डोकेदुखीची गोळी नाही. डोकं दुखो न दुखो, रोज घ्यायची. कधी कधी तर काहीच दुखत नाही आणि आतून बिघडत असतं."

चांगला व्हता पोरगा, रागावला न्हाई. अकरा गोळ्या तिनं फागुनापातुर पुरवायला ठिवल्या व्हत्या. आमच्या दोघींसाठी.

तिला गावाकडं आनली. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलनं गेलं. मीबी परत फडात गेले न्हाई, माझ्या जागी सून जायला लागली. तिच्याबी जागी तिची सून. पोटाला तर लागतंच. गावात म्हातारी मान्सं आन् लेकरं ऱ्हायली, आन् भिंतीच्या हिकडं मी, तिकडं ती.

माजं कार्ड झालं. सरकारी दवाखान्याची आशाताई म्हैन्याला यिऊन दोघींच्याबी गोळ्या द्यायची. फुकट. इतकं सोपं व्हतं ते.

सकाळी लेकरं साळंला गेली की मी तिच्याकडं जायची. शिजवलेल्या ज्वारीच्या कन्या भरवायची, तोंड पुसायची, मंग गोळी जिभंवर ठिवायची. तर काय करायची, सांगू? गोळी दातात धरायची, कडकन मोडायची, आन् अर्धी डाव्या हातावर काढून माझ्याम्होरं धरायची.

"आक्का, अगं माझी माझ्याकडं हाय. ही बघ, सगळी पट्टी."

पट्टी बघायची न्हाई. माझ्या तोंडाकडं बघायची. भुवया वर करायची. तोंडातनं नुसता आवाज यायचा, पन ती काय इचारतीय ते मला कळायचं.

चार-पाच दिवस मी समजून सांगितलं, एकदा तर वरडले बी. अर्ध्या गोळीचा हात काय मागं घेतला न्हाई तिनं. मंग एक दिवस मी म्हनलं, "न्हाई गं आक्का. माजं हलकं हाय. पिसावानी."

तवा तिनं ती अर्धी परत तोंडात टाकली आन् गिळली.

मंग रोज तसंच. डोकं फुटाय आलेलं असलं तरी म्हनायचं, हलकं हाय. दीड वरीस म्हनले मी. तेवढंच माझ्या हातात व्हतं.

गेल्या सरावनात ती गेली. सकाळी गोळी घिऊन गेले तर हात गार. तोंडावर पदर टाकला, आन् मंग मान्सं बोलवायला बाहेर आले. मिश्रीची डबी तिच्या मालकानं मला दिली. मी मिश्री लावत न्हाई, पन ठिवली.

औंदा दसऱ्याच्या आधी दवाखान्याची गाडी परत आलती. आक्काच्या सुनंचं बीपी निघालं. उमर काय तिची, थोरलं पोरगं अजून साळंत जातंय. दोन म्हैन्याच्या गोळ्या मिळाल्या.

ट्रक देवळापाशी हुबा व्हता. भांडी, शेळी, कोपीचे बांबू समदं चढलं व्हतं. मी तिला बाजूला घेतलं. म्हनलं, "पोरी, रोज एक. दुखो न दुखो. कुनाला दिऊ नगं. कुनाचंबी डोकं जड असू दी, दिऊ नगं."

"व्हय मावशी. पन दोन म्हैन्यानं संपल्यावर काय करू?"

तीन कोस चालून गेलते, ते सांगितलं न्हाई. तिच्या सासूची डबी माझ्या कमरंला व्हती ती काढली. सकाळीच धुऊन पुसून घेतलती. आशाताईनं आदल्या दिवशी दिलेली माझी पट्टी त्यात दुमडून घातली आन् तिच्या हातात दिली.

मुकादम हार्न वाजवायला लागला. ती ट्रकात चढली, डबी उघडून बघितली, आन् वरनंच वरडली, "मावशे, ह्या तर तुमच्या हायेत! मंग तुमी काय खानार?"

"माजं हलकं हाय," मी म्हनलं.