मामाचा गिड्ड्या

माझा कळंबचा मामा कुत्र्याला कामाच्या दिवशी मुद्दाम उपाशी ठेवायचा. कुत्रं त्याच्या तोंडाकडे बघत बसे आणि मामा त्याच्यासमोर भाकरी मोडून खाई. "पोट भरलेलं कुत्रं बिळाच्या तोंडावर इचार करत बसतं," म्हणे. मामी पदराआड तुकडा घेऊन आली, तर तिच्या हातावर चापट बसे.

कुत्रं मूळचं शेजारच्या फार्महाऊसवरचं. तिथल्या मुंबईच्या बाई जागा विकून गेल्या आणि त्याला मागे ठेवून गेल्या. टेरियर जातीचं, पांढरं, आखूड पायांचं, ताठ शेपटीचं. विलायतेत ही जात बिळात शिरून कोल्हे-उंदीर बाहेर काढायलाच तयार केली, तिचं नावसुद्धा मातीवरूनच पडलं, असं जाताना त्या बाईंनीच सांगितलं. "मंग सोफ्यावर कशापायी बसवलंत वो?" मामानं तोंडावर विचारलं. इंग्रजी नाव त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं आणि गिड्ड्या ठेवलं.

भाताच्या बांधात घुशी बिळं पाडतात आणि खाचरातलं पाणी निघून जातं. गिड्ड्या त्या बिळात घुसायचा, मग जमिनीखालून त्याचं भुंकणं ऐकू यायचं. मामा त्याला शेपटीला धरून बाहेर ओढायचा. नाक फाटलेलं असे. त्यावर हळद दाबताना कुत्रं कळवळलं की मामाला चेव यायचा. "रडतंस काय रं? तुला काय आरतीला आनलाय?"

सरळ बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. माझी आई त्याची धाकटी बहीण, तिला तो भवानी म्हणायचा. मामीची तर उठल्यापासून सुरुवात. "अगं ए बहिरे, ऐकू येतंय का गं?" मामी चुलीपासून ओरडायची, "येतंय, अख्ख्या कळंबला येतंय!" असला माणूस, आणि तरी मला तो फार आवडायचा. त्याच्या शिव्या खाल्ल्या की आपल्या घरी आल्यासारखं वाटायचं.

मग ते झालं. लावणी नुकतीच उरकली होती, खाचरं भरलेली होती. मामानं गिड्ड्याला बिळात सोडलं आणि घूस दुसऱ्या तोंडानं निघेल म्हणून बांधाच्या वळणापलीकडे काठी घेऊन उभा राहिला. इकडून मामी भाकरी घेऊन आली. तिला बांधात भोक दिसलं, पाणी चाललेलं. भातशेतीतली बाई असं भोक बघून पुढे जात नाही. तिनं वाकून चिखलाचा गोळा आत कोंबला, टाचेनं दाबला आणि हात धुतले. आत कुत्रं आहे हे तिच्या गावीही नव्हतं; पाण्याच्या खळखळाटात त्याचं भुंकणं इकडे ऐकूच येत नव्हतं.

भुंकणं थांबलं तेव्हा मामा धावत आला. फावड्यानं त्यानं अख्खा बांध फोडला. पाणी भळाभळा गेलं, ताजी रोपं आडवी झाली, आणि चिखलातून गिड्ड्या निघाला. बिळात पाणी तुंबून तो गुदमरला होता. घूस तोंडात तशीच धरलेली. "भोक मीच बुजवलं," मामी म्हणाली. आता हे मला मारणार, असं तिला वाटलं.

मामानं हात उचलला नाही. कुत्र्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाला, "तुमी घरी जा."

त्यानंतर त्यानं मामीला कधी 'अगं' म्हटलं नाही. तुमी जेवलात का, तुमी बसा. पाहुण्याशी बोलावं तसं. शेजारणी म्हणायच्या, म्हातारा सुधारला. मामी माझ्या आईपाशी रडायची, "त्यांना म्हनावं, एकदा शिवी द्या. मारलं तरी चालंल गं." आईनं त्याला सांगून पाहिलं. "मी त्यांना काय वाईट बोललो काय?" मामानं विचारलं. इतका दुष्टपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

शेवटच्या आजारात तो दहिवलीला मुलाकडे होता. त्याचं सगळं मामीच करायची. मी भेटायला गेलो त्या दिवशी त्याचा आवाज जेमतेम निघत होता. मामी त्याच्या तोंडाशी वाकली आणि माझ्यादेखत म्हणाली, "आता तरी एकदा अगं म्हना वो."

मामानं तिच्याकडे बघितलं.

"पानी द्या," तो म्हणाला.