काचेवरची टिचकी

मुळशीतल्या एका रंगांच्या कारखान्यात संगणक आला, तेव्हा तो यंत्रांना जोडायचं काम माझ्याकडे होतं. ऐंशीचं दशक, मी तिशीचा, पुण्याहून रोज जीपने येणारा. थाट असा, जणू कारखाना माझ्याच जोरावर चालतोय. शेडमधल्या बंद भांड्यात रसायन शिजायचं. त्याच्या दाबाच्या काट्यामागून मी तार काढली आणि दाब थेट माझ्या थंडगार खोलीत आणला. काटा हलेल तशी प्रिंटरवर रेघ उमटायची.

त्या भांड्यावर एक मामा होते, धरणाकाठच्या गावातले, भातशेती सांभाळून नोकरी करणारे. काटा वाचण्याआधी ते काचेवर टिचकी मारायचे. दर वेळी. आणि दर वेळी माझ्या रेघेला टेंगूळ यायचं. मोठ्या साहेबांना दाखवायची रेघ ती! माझं डोकंच फिरलं.

"काटा अडकतुया, साहेब," मामा म्हणाले. "टिचकी मारल्याबिगर त्यो खरं सांगत न्हाई."

"मामा, आता काटा मशीन बघतंय. तुम्ही हात लावू नका."

त्यांची सवय काही जाईना. शेवटी मी काट्यावर काचेची पेटी बसवून कुलूप घातलं, चावी खिशात टाकली. रेघ सरळ झाली. अगदी पट्टीने आखल्यासारखी. मी ती कौतुकाने मिरवली.

आठवड्याभराने भर दुपारी मामा माझ्या दारात उभे. "भांड्याचा आवाज येगळा येतुया. पेटीची चावी द्या जरा."

मी जागचा उठलोही नाही. कागद त्यांच्यापुढे धरला. "बघा, कुठे काय आहे?"

त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. मी चहा संपवला.

ते गेले ते दाब सोडायचा व्हॉल्व्ह हाताने उघडायला. निम्मा उघडला असेल, तेवढ्यात झाकणाचं पॅकिंग एका बाजूने फाटलं आणि कढत वाफ त्यांच्या हातांवर आली. मी पोचलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते, दोन्ही हात पुढे धरून. ते हात बघवत नव्हते.

व्हॉल्व्ह तेवढा उघडला म्हणून भांडं फुटलं नाही, असं सगळे म्हणाले. मामांच्या उजव्या हाताची बोटं मात्र गेली.

संध्याकाळी दवाखान्यातून परतलो. प्रिंटर चालूच होता. भांडं केव्हाच थंड पडलं होतं, आणि कागदावर रेघ तशीच सरळ चालली होती. मी शेडमध्ये गेलो, खिशातली चावी काढून पेटी उघडली आणि काचेवर टिचकी मारली.

काटा शून्यावर पडला.