वाळूवरची परीक्षा

काठीचं टोक जमिनीला टेकवायचं, आपल्याकडे बघायचंसुद्धा नाही, आणि म्हणायचं, "पढो, मॅडमजी." शिकवण्याची त्या म्हाताऱ्या वनरक्षकाची पद्धत एवढीच.

मी आयुष्यभर वाचलं काय, तर मुलीचं प्रगतिपुस्तक आणि डाळीच्या पुड्याचा कागद. ह्यांच्या विमा कंपनीतल्या बदलीने जयपूरला आलो, मुलगी पुण्याला नोकरीला गेली, आणि बावन्नाव्या वर्षी मी शहराला लागून असलेल्या बिबट्यांच्या जंगलात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. नियम असा, की तीन महिने एका जुन्या वनरक्षकामागे फिरायचं. त्याने वहीत सही केली तरच एकटीने गस्त घालता येणार. हे म्हणाले, "मला बिबट्यांची काळजी वाटते."

पहिल्याच दिवशी मी ठसा बघून छाती काढून सांगितलं, "बिबट्या!"

"कुत्रा. नखं उमटलीत. बिबट्या नखं आत ठेवतो, मॅडमजी. तुमच्यासारखं सगळं बाहेर काढून फिरत नाही."

मग वाटेत भेटेल त्या गुराख्याला थांबवून हे सांगायचा. तीन गुराखी हसले. चौथ्याला मीच सांगून टाकलं.

वनखात्याच्या चौकीपाशी एक तीन पायांची कुत्री असायची. डब्यातली शेवटची पोळी मी तिला घालायचे. नावही ठेवलं, चिंगी.

"नाव ठेवू नका, खायला घालू नका," तो म्हणाला. "कुत्री पोळीमागे येते, बिबट्या कुत्रीमागे."

मी लपवून घालू लागले. पन्नाशी उलटलेली बाई, टोपीखाली पोळी घेऊन! चिंगी माझ्यामागून थेट चौकीमागच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत येऊ लागली. हा पट्टा रोज संध्याकाळी झाडून सपाट करायचा आणि सकाळी त्यावरून कोण गेलं ते वाचायचं.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो पट्ट्याशी उभा होता. काठी टेकवली. "पढो."

तीन पायांचे ठसे, चौकीकडून आलेले. डावीकडून गोल, मोठे, नखं नसलेले.

"पुढे?"

"गोल ठसे इथे खोल गेलेत. झेप घेतली."

"मग?"

"मग तीन पायांचे ठसे संपतात."

"संपून काय होतं?"

"रुंद रेघ आहे. झुडपाकडे." त्याने काठी रेघेवर टेकवली. "ओढत नेल्याची," मी म्हणाले आणि रडू फुटलं.

"वाळूच्या बाहेर रडा. ठसे बिघडतात."

मी बाहेर जाऊन रडले. तो म्हणाला, "काल सकाळीच इथे कुत्रीच्या ठशावर पंजा होता."

"मग सांगितलं का नाही?"

"लिहिलेलं होतं. तुम्ही त्यावर पाय ठेवून पोळी काढत होतात."

त्याने माझी वही घेतली, सही केली. मी परत घ्यायला हात पुढे करेना, तेव्हा म्हणाला, "माझ्या उस्तादाने मला असंच शिकवलं. मला दोन बकऱ्या लागल्या, घरच्या. तुमचं एका कुत्रीत झालं." हे बोलताना मात्र तो त्या रेघेकडे बघत नव्हता.

त्यानंतर माझा एकही ठसा चुकलेला नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

तो निवृत्त होऊन चौमूं गावी मुलाकडे गेला आणि मागच्या थंडीत तिथेच वारला. आता नव्यांना मी फिरवते. गेल्या महिन्यात शहरातल्या मुरलीपुऱ्याहून येणारी एक मुलगी, इथेच जन्मलेली, चौकीपाशी कुत्र्याच्या एका पिल्लाला बिस्किटं घालत होती. तिच्या बुटाशेजारी ताजा पंजा. ती स्वतः वाचते का बघू म्हणून मी मनात दहापर्यंत मोजू लागले. सातवरच ओरडले, "उचल ते पिल्लू! बिबट्या येऊन गेलाय!"

ती खाली वाकून म्हणाली, "काकू, मतलब, हा तर कुत्र्याचाच आहे ना?"

पिल्लू आता तिच्या फ्लॅटवर असतं. रोज फोटो येतात, गुटगुटीत झालंय. तिला अजूनही कुत्रा आणि बिबट्या यांच्या पायातला फरक सांगता येत नाही. सोमवारपासून तिला एकटीला गस्तीवर जायचंय, आणि तिची वही सहीसाठी चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडली आहे. हे ताटं मांडताना ती बाजूला सरकवतात आणि विचारतात, "एका सहीला एवढा वेळ?"