वळसेमामा

पाणी दिसलं की माझे मामा वळसा घालत. ते व्यावसायिक गोल्फपटू होते आणि गोल्फच्या मैदानावर तळी मुद्दाम ठेवलेली असतात. बाकीचे खेळाडू तळ्यावरून चेंडू पलीकडे उडवत. मामा काठाकाठाने जात. त्यात एखादा फटका जास्त लागे, पण चेंडू कोरडा राही. मलेशियापासून मोरोक्कोपर्यंत त्यांनी हेच केलं. कुणी विचारलं तर म्हणत, "आमी दुष्काळी पाथर्डीचे. पाण्यात वस्तू टाकायची सवय न्हाई आमाला." बरोबरच्या भारतीय खेळाडूंनी त्यांचं नाव 'वळसे' ठेवलं, आणि आमच्या घरातही तेच रुळलं.

माझे आजोबा नगरला लष्कराच्या गोल्फ मैदानावर गवत राखायला होते. मामा तिथेच वाढले, कुणीतरी टाकून दिलेल्या स्टिकने खेळायला शिकले आणि पुढे खेळावरच पोट भरू लागले. पण गवताशी घरोबा सुटला नाही. फटक्याने माती उखडली की आपली जागा आपण बुजवायची, अशी या खेळाची रीत आहे. मामा मात्र दुसऱ्यांनी उकरलेली ढेकळंही पायाने दाबत चालत. एकदा जपानमध्ये पंचांनी त्यांना उशीर करता म्हणून ताकीद दिली. मामांनी नम्रपणे मान हलवली आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक ढेकूळ दाबलं. "हे पण कुणाच्या तरी बापानं वाढवलेलं हाय," असं त्यांचं म्हणणं.

गावात मात्र त्यांचा धंदा कुणालाच नीट कळला नाही. पोरगं गोल्फला असतं, असं आजी सांगायची आणि लोक 'गल्फ' ऐकायचे. अर्धं गाव ऊसतोडीला जाणारं, तेव्हा कामासाठी लांब जाण्यात नवल नव्हतं. मामा जरा जास्तच लांब गेले, एवढंच. ते घरी आले की ओट्यावर व्हिसाची चौकशी करणाऱ्यांची रांग लागे. मामांनी आधी समजावून पाहिलं, मग नाद सोडला. शेवगावच्या त्यांच्या सासऱ्यांनीही जावई आखातात मोठ्या कंपनीत आहे, असंच धरून मुलगी दिली होती. खरं कळल्यावर मामीने फक्त विचारलं, "मग तुमचा साहेब कोन?" साहेबच नाही, हे ऐकून तिला हायसं वाटलं म्हणे.

इंजिनिअरिंग संपल्यावर नोकरी लागेपर्यंत मी एक हंगाम मामांची बॅग वाहिली. त्या हंगामाची शेवटची स्पर्धा थायलंडमध्ये होती. मामांचं वय झालं होतं, निकाल घसरत होते. प्रत्येक स्पर्धेत दोन दिवसांनी यादीतल्या खालच्या निम्म्यांना घरी पाठवतात, त्यात आम्ही बरेचदा असायचो. पुढच्या वर्षीही देशोदेशीच्या स्पर्धांच्या या दौऱ्यावर खेळायचा हक्क, ज्याला सगळे 'कार्ड' म्हणतात, तो टिकवायला शेवटच्या होलवर ठरलेल्या फटक्यांतला एक वाचवणं भाग होतं. समोर मोठं तळं, पलीकडे होलचा झेंडा. वळसा घातला तर फटका वाचणं कठीण.

मी सवयीने आखूड पल्ल्याची स्टिक पुढे केली. मामांनी ती परत बॅगेत सरकवली आणि लांब पल्ल्याची काढली. फटका सुरेख बसला. चेंडू अख्खं तळं ओलांडून पलीकडच्या उतारावर आपटला, क्षणभर थांबला आणि घरंगळत मागे येऊन पाण्यात पडला.

मामांनी नियमाप्रमाणे दुसरा चेंडू घेऊन खेळ पुरा केला, सगळ्यांशी हात मिळवले. कार्ड गेलं. टॅक्सीत त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. ते झोपलेत की रडतायत, ते मला विचारवेना. मग टोपीखालूनच म्हणाले, "थांबला तवा मला वाटलं, पोचलो. तेवढं वाटलं, बास झालं."

पुढची काही वर्षं ते पुण्याजवळच्या एका क्लबात शिकवायला होते. पोटं सुटलेल्या उद्योगपतींना आधी वाकायला शिकवावं लागतं, अशी त्यांची तक्रार असे. पन्नाशी गाठली आणि एका जुन्या सोबत्याने कळवलं की पन्नाशीपुढच्यांसाठी परदेशात वेगळा दौरा असतो. मामांनी कुणाला न सांगता चाचणी दिली आणि पास झाले. मामीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. या वयात कशाला, असं ती म्हणेल अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. तिने आधी तव्यावरची भाकरी उलटली, मग विचारलं, तिकडं थंडी असते का.

ते गावी येऊन निघाले तेव्हा नगरच्या एसटी स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. बॅग खांद्यावर, पायांत नवे बूट. मी म्हणालो, मामा, जमेल ना. ते हसले. "मागं पोरांच्यात म्हातारा हुतो. आता म्हाताऱ्यांच्यात पोरगा हाय."

पहिल्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला. मोबाईलवर निकाल बघायला ती नुकतीच शिकली होती. मी यादी आधीच पाहिली होती आणि तिची समजूत कशी घालायची, या विचारात होतो. पण तिचा आवाज खुशीत होता.

"खालून दुसरे हायेत," ती म्हणाली. "पन इथं घरी न्हाई पाठवत म्हने कुनाला. उद्या परत खेळनार."