पहिला नंबर नको

सकाळी दहाला दाखला केंद्राचं शटर उघडलं आणि रांग चक्क मागे सरकली.

"तुमी व्हा पुढं जी."

"नाही जी, तुमीच व्हा."

देवरीकडची माणसं इतकी सभ्य असतील, असं मला वाटलं नव्हतं.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट इंजिनिअर होतो. दाखल्यांची आमची वेबसाइट स्लो आहे, अशी तक्रार होती. नागपूरला मॅनेजरसाहेबांनी ती जातीने तपासली होती, भर दुपारी, काउंटरवर काम चालू असताना, एसीत बसून. "दोन सेकंदांत उघडतेय. गावाकडचं नेटच तसलं," असा निकाल देऊन त्यांनी मला नवी केबल घेऊन पाठवलं. आदल्या दिवशी मी केबल बदलली. चार तास सतत पेज उघडून पाहिलं, दरवेळी झटकन उघडलं. 'प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड' असा मेलही ठोकला.

आज चिचगडची एक बाई, इथला शिष्टाचार माहीत नसल्याने, थेट पहिली उभी राहिली. पोरीच्या नर्सिंग अ‍ॅडमिशनला जातीच्या दाखल्याच्या अर्जाची पावती हवी होती. काउंटरवरच्या वैशालीताईंनी बटण दाबलं. स्क्रीन पांढरा. तीस सेकंदांनी 'टाइम आउट', टोकन बाद. बाद टोकनवाल्याने उद्या यायचं, हा नियम आमच्याच कंपनीचा.

"उद्या? आज आखरी तारीख आहे जी!" बाईचे डोळे भरले.

वैशालीताई माझ्याकडे वळल्या. "पहिला नंबर रोजच बुडते. जेवणाच्या सुट्टीनंतरचा बी. सर्वर झोपून राहते, तुमाले मालूम नाही काय?"

नव्हतं. सर्वरमध्ये एक सेटिंग असते. वीस मिनिटं कोणी साइट उघडली नाही, की मेमरी वाचवायला तो ती बंद करतो. पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागतं. ते मिनिट पहिल्या माणसाच्या वाट्याला, दुसऱ्याचं काम लगेच. म्हणजे सर्वर झोपतो का, हे मी त्याला चार तास जागं ठेवून तपासत होतो. कंपनी पगार देत होती तो याच हुशारीचा.

दुसऱ्या नंबरच्या म्हातारबांनी आपलं टोकन पुढे केलं. "घे बाई, माह्या नंबरावर कर. आता जागलं ते. माहा दाखला उद्या बी चालते."

चार सेकंदांत पावती आली. बाई बसकडे पळाली. मला मात्र लाज वाटली. मी साहेबांना फोन लावला.

"सर, वीसच्या जागी शून्य टाकायचंय. मग साइट झोपणारच नाही."

"चेंज रिक्वेस्ट टाक. मंगळवारच्या मीटिंगला बघू."

"रोज सकाळी एक माणूस परत जातोय, सर."

"एकच ना?"

मी फोन ठेवला आणि शून्य टाकलं. विनापरवानगी बदल केल्याचा मेमो मात्र मंगळवारची वाट न बघता आला.

दुसऱ्या सकाळी म्हातारबा हजर. मी म्हटलं, "बाबा, आता पहिला नंबरही चालेल."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मंग तुमीच व्हा ना पुढं."

झालो. स्वतःच्याच नावाचा अर्ज टाकला. तीन सेकंदांत पावती आली, तेव्हा कुठे रांग पुढे सरकली.

तेव्हापासून कुठलीही साइट तपासायची झाली, की मी शटर उघडायच्या आधी जाऊन पहिला नंबर लावतो. साहेब लोक अजूनही दुपारीच तपासतात.